घर, ऑफिस आणि दुकान अशा तीन कॉम्प्युटरवर एकच पासवर्ड मॅनेजर सुरक्षितपणे कसा वापरावा?

तुमच्यासारखीच माझीही तीन ठिकाणं आहेत. राहतो ठाण्यात, नोकरी ऐरोलीला, आणि नौपाड्यात भावाचं दुकान आहे, तिथली जीएसटीची कामं मी करतो. काही वर्षांपासून बिटवॉर्डन हा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलूपबंद जागी ठेवणारं ॲप, वापरतोय. सुरुवातीला तिन्हीकडे तो टाकला होता. आता माझं स्वतःचं खातं फक्त घरच्या कॉम्प्युटरवर आणि फोनवर आहे, आणि तुम्हीही तसंच करा असं मी आग्रहाने सांगेन.

लोकांना भीती वाटते ती क्लाउडची. पण चांगल्या मॅनेजरमध्ये पासवर्ड आपल्याच मशीनवर एन्क्रिप्ट होतात, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत असे बदलतात, आणि मगच सर्व्हरवर जातात. खरा धोका असतो तो आपण मास्टर पासवर्ड, म्हणजे बाकी सगळे पासवर्ड उघडणारा एकच पासवर्ड, टाइप करतो त्या कॉम्प्युटरचा. 2022 मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजर कंपनीच्या एका इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरवर कीलॉगर (टाइप केलेलं सगळं चोरून टिपणारा प्रोग्रॅम) बसवून चोरांनी त्याचा मास्टर पासवर्ड टिपला, आणि पुढे ग्राहकांच्या व्हॉल्टच्या, म्हणजे पासवर्डच्या तिजोरीच्या, बॅकअप प्रतीच नेल्या. इंजिनिअरची ही गत, तर दुकानातल्या कॉम्प्युटरचं काय? तिथे दिवसभर कोणाकोणाचे पेनड्राइव्ह लागतात.

म्हणून दुकानासाठी मी बिटवॉर्डनचं वेगळं खातं उघडलं. त्यात जीएसटी, कुरिअर, वीजबिल, एवढंच. उद्या तिथे काही घडलं तरी माझी बँक आणि ईमेल त्यात नाहीत. ऑफिसचा लॅपटॉप कंपनीचा, त्याचा ताबा आयटीवाल्यांकडे. तिथे स्वतःचं काही उघडायचंच झालं तर फोनवर पासवर्ड बघून हाताने टाइप करतो. कंटाळवाणं आहे, पण महिन्यातून दोनदाच लागतं.

घरच्या मशीनवर व्हॉल्ट पाच मिनिटांत लॉक होईल असं ठेवा. पिनने उघडायची सोय घेतलीत, तर ब्राउझर पुन्हा सुरू झाल्यावर मास्टर पासवर्ड मागण्याचा पर्याय चालूच राहू द्या. तो बंद केला तर कॉम्प्युटर चोरीला गेल्यावर मधे उरतो तो फक्त चार आकडी पिन.

मास्टर पासवर्डसाठी शब्दकोश कुठेही उघडून पाच-सहा शब्द घ्या, ओळखीचे निवडू नका. ते रोमन लिपीत लिहा, कारण मराठी कीबोर्ड सगळीकडे नसतो. पण स्पेलिंग एकदाच ठरवून टाका. ‘छत्री’ला एच एक की दोन, यात मी स्वतः अर्धा तास घालवलाय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टू-स्टेप लॉगिन, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा कोडही मागणारी सोय, लावाच, पण त्याचा रिकव्हरी कोड, म्हणजे फोन नसताना आत शिरण्याचा कोड, कागदावर लिहून ठेवा. डोंबिवलीहून येताना गाडी कळव्याजवळ मंदावली आणि दारात उभा असताना कोणीतरी हातावर फटका मारून माझा फोन पाडला. सहा आकडी कोड देणारं ॲप फक्त त्याच फोनवर होतं. कपाटातल्या फाइलमध्ये तो कागद नसता, तर नवीन फोनवर मी माझ्याच खात्यात शिरू शकलो नसतो. त्या रात्री आधी घरच्या कॉम्प्युटरवरून बाकीची सगळी सेशन्स बंद केली, मग ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलले. कागदाची दुसरी प्रत आता आईकडे आहे.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. ब्राउझरमधले जुने पासवर्ड मॅनेजरमध्ये आणताना जी सीएसव्ही फाइल तयार होते, ती एन्क्रिप्ट केलेली नसते, कोणीही उघडून वाचू शकतं. आमच्या दुकानातल्या डाउनलोड्समध्ये ती तब्बल आठ महिने पडून होती. पासवर्ड नीट आलेत याची खात्री करून ती फाइल रिसायकल बिनमधूनही काढा, आणि दुकानातल्या ब्राउझरमध्ये ‘पासवर्ड सेव्ह करू का’ हा प्रश्नच बंद करून टाका.