जुना फ्रेंच सोनेरी टेबल लॅम्प घ्यावा का? मुलामा खरा आहे हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की मुंबईत जुन्या वस्तूंच्या एका दुकानात फ्रेंच टेबल लॅम्प आवडलाय, दुकानदार 'खऱ्या सोन्याचा मुलामा' म्हणतोय, किंमतही तशीच सांगतोय, आणि नव्या घराच्या हॉलमध्ये तो शोभेल का हाही प्रश्न आहे. घरांची अंतर्गत सजावट आणि जुन्या दिव्यांची डागडुजी ही दोन्ही कामं मी करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दुकानदाराला विचारून लॅम्प उलटा करा. वरची झळाळी कोणीही आणू शकतो. खरं काय ते तळाशी आणि आतल्या बाजूला कळतं. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये मुलामा पाऱ्याने चढवत. सोनं पाऱ्यात कालवून तो लगदा ओतीव ब्राँझवर किंवा पितळेवर ब्रशने लावायचा आणि वस्तू तापवायची. पारा उडून जातो, सोनं धातूला धरून राहतं. त्या वाफांनी कारागिरांचे हात कापायला लागत, दात पडत. वस्तूच्या देखणेपणामागे ही किंमतही होती. सोनं महाग, त्यामुळे दिसणाऱ्या भागावरच लावलं जाई. अशा लॅम्पचे भाग सुटे केले की मागे उघडा धातू दिसतो आणि कडेवरून आत ओघळलेले सोन्याचे वेडेवाकडे पट्टे. मला हे ओघळ बघायला फार आवडतं, कारण कारागिराचा ब्रश नेमका कुठे थांबला ते तिथे दिसतं. पुढच्या बाजूला एकाच नक्षीच्या पानावर दोन पोत सापडतील: मधला भाग मंद, आणि शिरा व कडा अकीक दगडाने घोटून लख्ख केलेल्या. पिएर गुतिएर (1732–1813) हा या मंद मुलाम्याचा मोठा उस्ताद. पॅरिसला गेलात तर लूव्र संग्रहालयात त्याचं काम जरूर बघा.

मग वीज आली. इंग्लंडमध्ये एल्किंग्टन नावाच्या कारखानदारांनी 1840 मध्ये विजेने मुलामा चढवण्याचं पेटंट घेतलं आणि 1842 मध्ये पॅरिसचा जवाहिऱ्या शार्ल क्रिस्तोफ्ल याने फ्रान्ससाठी ते हक्क विकत घेतले. यात वस्तू द्रावणात बुडवतात, त्यामुळे आत-बाहेर सगळीकडे सोनं बसतं, बहुतेक वेळा अगदी पातळ. बल्ब तर याच्याही नंतर आला, म्हणून लॅम्प मुळातच बल्बसाठी बनवलेला असेल आणि विकणारा 'पाऱ्याचा मुलामा' म्हणत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका. तसा मुलामा मेणबत्तीच्या किंवा तेलाच्या दिव्यावर असतो, ज्यात वायर नंतर ओवलेली असते. वायरसाठी पाडलेलं भोक बघा. त्याच्या कडा ताज्या आणि रंग वेगळा दिसतो.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त भेटतो: पितळेला पॉलिश करून वर सोनेरी वार्निश. त्यात सोनं नसतं. वार्निश उडालं की काळे ठिपके आणि नकाशासारखे डाग उमटतात. विसाव्या शतकातले पितळी लॅम्प पुष्कळदा असेच असतात आणि त्यात कमीपणा काही नाही, फक्त भाव सोन्याचा देऊ नका. मेझों जान्सेन, मेझों शार्ल या पॅरिसच्या सजावटीच्या नामवंत कंपन्यांची नावं घेऊन किंमत चढवली जाते. बिलावर 'जान्सेनचा' लिहिलंय की 'जान्सेन शैलीचा', ते नीट वाचा. लॅम्प आकाराच्या मानाने हलका वाटला तर तळाशी लपलेल्या जागी एक बारीक ओरखडा काढायची परवानगी मागा. आतून करडा-पांढरा धातू निघाला तर ते पितळ नाही, जस्ताचं ओतकाम आहे.

आता सगळ्यात कळकळीची विनंती. घरी आणल्यावर चिंच, लिंबू, पितांबरी, कुठलंही धातूचं पॉलिश त्याला लावू नका. समईला जे चालतं ते मुलाम्याला चालत नाही. सोनं काळं पडत नाही. वर दिसतो तो धूर, धूळ आणि जुनं मेण. घासलंत की मळाबरोबर सोनंही जातं आणि पुन्हा तसं येत नाही. आधी मऊ कोरडा ब्रश, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य लिक्विड सोपचा एखादा थेंब टाकून कापसाच्या काडीने थोडं थोडं पुसा, लगेच कोरडं करा. स्पिरिट तर मुळीच नको, वार्निश असेल तर विरघळतं.

वायरिंग मात्र बिनधास्त नवं करून घ्या. जुन्या वायरीच्या कापडाआत रबर वाळून त्याचा भुगा झालेला असतो. अंग धातूचं आहे, म्हणून तीन तारांची वायर आणि अर्थिंगची तार लॅम्पच्या धातूला घट्ट जोडलेली हवी. बल्बची चिंता नसावी: फ्रान्समध्येही आपल्यासारखा पिनांचा होल्डर होता, त्यामुळे आपला साधा बल्ब बऱ्याच जुन्या लॅम्पमध्ये सरळ बसतो.

शोभण्याचं म्हणाल तर लॅम्पची जात आधी बघा. 'बुइयोत' नावाच्या पत्त्यांच्या खेळासाठी निघालेला एक प्रकार आहे: खाली खेळातले बिल्ले ठेवायला ताटली, मध्ये दांडा, आणि वर पत्र्याची रंगवलेली शेड, बहुतेकदा गडद हिरवी. मेणबत्त्या जळून लहान झाल्या की स्क्रू सैल करून शेड खाली सरकवत. त्याचा उजेड फक्त टेबलावर पडतो, म्हणून तो लिहायच्या टेबलावर ठेवा. सोफ्याशेजारी हवा असेल तर फिक्या रेशमी किंवा सुती शेडचा लॅम्प घ्या. बसल्यावर शेडची खालची कड डोळ्यांच्या पातळीला आली की बल्ब डोळ्यात जात नाही. बल्ब पिवळसर उजेडाचा, म्हणजे 2700 केल्विनचा. पांढऱ्या उजेडात जुनं सोनं आजारी दिसतं. आणि त्याच्या आसपास सोनेरी पट्ट्या, चकचकीत लॅमिनेट, सोनेरी हँडल ठेवू नका. साधी भिंत आणि सागवानी किंवा शिसवी टेबल असेल तर हा एक लॅम्प तेवढा कोपरा एकटा सांभाळतो, जोडी घ्यायचीही गरज नाही.