वाचकांचे प्रश्न : कालव्यावरच्या नावेतला संसार

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्झ येथे भाड्याच्या सदनिकेत राहतो. मुलगी आठ वर्षांची असून शाळेत जाते आणि मुलगा चार वर्षांचा आहे. दर वर्षी वाढणारे भाडे आणि घराच्या कर्जासाठी आधी उभी करावी लागणारी मोठी रक्कम यांना कंटाळून माझ्या यजमानांनी ग्रँड युनियन कालव्यावरची ५७ फुटांची एक जुनी नॅरोबोट, म्हणजे कालव्यात चालणारी अरुंद, लांबट नाव, विकत घेऊन तिच्यातच राहायचे मनाशी ठरवले आहे. आम्ही ती नाव पाहून आलो. मुलांना ती फार आवडली, मला मात्र तिथले स्वयंपाकघर पाहून धडकी भरली. चौघांचा संसार एवढ्या जागेत बसेल का, रोजचा आपला स्वयंपाक, कुकर, मिक्सर हे सारे तेथे चालेल का, आणि ‘नाव बांधायला जागा कुठेही मिळते’ असे विकणारे गृहस्थ सांगतात ते कितपत खरे आहे, हे कृपया सांगावे. (एक वाचक, मिल्टन कीन्झ)

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण बाकीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. विकणाऱ्या गृहस्थांचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात आपल्या मुलीची शाळा अडकलेली आहे.

इंग्लंड व वेल्समधील सुमारे २,००० मैलांचे कालवे आणि नद्या २०१२ पासून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते. तिच्या पाण्यात नाव ठेवण्यासाठी लायसन्स आणि विमा लागतोच, शिवाय गॅस, वीज, इंधन व हवा खेळती राहण्याची सोय यांची तपासणी करून दिले जाणारे बोट सेफ्टीचे प्रमाणपत्रही लागते, आणि ते दर चार वर्षांनी नव्याने घ्यावे लागते. नाव बांधण्याची कायमची जागा, म्हणजे मूरिंग, आपल्याकडे नसली तरी १९९५ च्या कायद्यानुसार लायसन्स मिळते. मात्र त्यासाठी नाव खरोखर प्रवासात असली पाहिजे आणि एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त काळ राहता कामा नये. त्याच दोन पुलांमध्ये पुढे-मागे केलेले यात चालत नाही. वर्षभरात २० मैलांपेक्षा कमी टापूत फिरणाऱ्या नावेला हा निकष पुरा करणे कठीण जाईल, असे ट्रस्ट आपल्या मार्गदर्शनात सांगतो, आणि मुलांची शाळा किंवा आई-वडिलांची नोकरी जवळ हवी हे कारण मुक्काम लांबवण्यासाठी ग्राह्य धरत नाही. शिवाय २०२४ च्या एप्रिलपासून अशा फिरत्या नावांना लायसन्सवर जादा आकार द्यावा लागतो.

याचा घरगुती अर्थ असा की, फिरते लायसन्स घेतले तर दर पंधरवड्याला शाळेचा रस्ता बदलेल. कधी चालत दहा मिनिटे लागतील, तर कधी गाडी आणि बस मिळून एक तास. नोकरी घरून करणाऱ्या, मुले नसलेल्या जोडप्याला हे रमणीय वाटू शकते. दुसरी-तिसरीतल्या मुलीच्या आईला ते किती दिवस वाटेल याविषयी मला शंका आहे. म्हणून आपल्यासारख्या कुटुंबाने आधी जागा शोधावी आणि मग नाव घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जागा शोधताना आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. बहुतेक मूरिंग केवळ हौशी वापरासाठी असतात. तेथे नाव ठेवता येते, पण संसार थाटता येत नाही. राहण्याची परवानगी असलेली, नियोजन खात्याने मान्य केलेली जागा वेगळी असते, कमी असते आणि महागही असते. तिचे वर्षाचे भाडे, लायसन्स, विमा, कोळसा, गॅस व डिझेल, तसेच दर दोन-तीन वर्षांनी नाव पाण्याबाहेर काढून तळाला काळा लेप देण्याचा खर्च, या सर्वांची बेरीज आपल्या सध्याच्या घरभाड्याशेजारी मांडून पाहावी. बचत होईलही, पण आपले यजमान समजतात तेवढी बहुधा होणार नाही. घरासाठी मिळते तसे गहाणकर्ज नावेसाठी मिळत नाही, आणि जुनी पोलादी नाव घेण्यापूर्वी ती बाहेर काढून पत्र्याची जाडी तज्ज्ञाकडून मोजून घेतल्याशिवाय तर इसाराची रक्कमही देऊ नये.

आता जागेविषयी. अनेक जुन्या लॉकची, म्हणजे नाव वर चढवणाऱ्या वा खाली उतरवणाऱ्या दरवाजांच्या हौदांची, रुंदी जेमतेम सात फूट असल्यामुळे नॅरोबोट ६ फूट १० इंचांपेक्षा रुंद बांधत नाहीत, आणि भिंतींची जाडी वजा केली की आत सहा फुटांच्या आसपास उरतात. ५७ फुटांपैकी पुढचा-मागचा डेक आणि इंजिनाची जागा सोडली तर राहण्यासाठी ४० ते ४५ फूट मिळतात, म्हणजे मुंबईतल्या एका लहानशा खोलीएवढे क्षेत्रफळ, पण आगगाडीच्या डब्यासारखे लांबट. त्यामुळे खरी अडचण क्षेत्रफळाची नसून रस्त्याची असते, कारण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारा माणूस प्रत्येकाच्या अंथरुणावरून, अभ्यासावरून आणि भांडणावरून जातो. नाव पाहताना लाकूडकाम किती चकचकीत आहे यापेक्षा न्हाणीघर कुठे आहे ते पाहावे. ते मध्यभागी असून दोन्ही बाजूंना दारे असली, तर मुलांच्या एकावर एक असलेल्या खाटा एका टोकाला आणि आपण दोघे दुसऱ्या टोकाला असे राहता येते. दिवसा मोडून बाक करायचा आणि रात्री पुन्हा पलंग मांडायचा, हा प्रकार सुट्टीत गमतीचा वाटतो. शाळेच्या दिवशी सकाळी सव्वासातला तो अजिबात गमतीचा नसतो.

स्वयंपाकाबद्दल मात्र आपण घाबरू नये. नावेतला स्वयंपाक सिलिंडरच्या गॅसवर होतो, आणि आपल्या घरांतून वाढलेल्या माणसाला त्यात नवे काही नाही. हिवाळ्यासाठी सिलिंडर प्रोपेनचे असावे, कारण शून्य अंशाच्या आसपास ब्यूटेनची वाफ होणे थांबते आणि ऐन थंडीत शेगडी विझून बसते. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो खाली, नावेच्या तळाशी साचतो. म्हणूनच सिलिंडरचा कप्पा राहत्या भागापासून बंदिस्त असतो आणि त्याची भोके थेट बाहेर, पाण्याच्या वर उघडतात. त्या कप्प्यात कांदे-बटाटे ठेवून भोके बुजवू नयेत. कुकर गॅस वाचवतो, परंतु त्याची वाफ खिडकीवर, छपरावर आणि शेवटी गादीखाली जाऊन बसते. पोलादी नावेत हिवाळ्यातला खरा शत्रू थंडी नसून हा दमटपणा आहे. शिट्टी होताना खिडकी उघडी असावी, गादीखाली हवा खेळेल अशा पट्ट्या असाव्यात आणि डाळी, पिठे, पोहे, पापड घट्ट झाकणाच्या डब्यांत असावेत. बाहेरच्या पत्र्याला लागून असलेल्या कपाटात कागदी पिशवीतली कणीक महिनाभर टिकत नाही.

मिक्सरची भीती अनाठायी आहे. ७५० वॉटचा मिक्सर १२ व्होल्टच्या बॅटरीतून चालताना ७० अँपिअरच्या आसपास ओढ घेतो हे खरे, त्यामुळे इन्व्हर्टर चांगल्या क्षमतेचा हवा. पण चटणी पाच मिनिटांत होते आणि खर्च झालेली वीज किरकोळ असते. बॅटरी उतरवतो तो दिवस-रात्र चालणारा फ्रिज, आणि पाणी उकळणारी, इस्त्री करणारी वा केस वाळवणारी यंत्रे. उन्हाळ्यात छपरावरचे सौरपट्टे बरेच भागवतात. डिसेंबरात त्यांच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये, आणि रात्री ८ ते सकाळी ८ या वेळेत बांधलेल्या नावेचे इंजिन चालवण्यास मनाई असल्यामुळे चार्जिंगही दिवसाच उरकावे लागते. धक्क्यावर विजेची जोडणी असेल तर हा सारा प्रश्नच मिटतो, आणि आधी जागा शोधा असे मी म्हणतो त्याचे हेही एक कारण आहे.

पाण्याचा हिशेब साधा आहे. ब्रिटनमध्ये माणशी रोज सुमारे १४० लिटर पाणी वापरले जाते. त्याच सवयीने राहिलात तर ५०० लिटरची टाकी चौघांना एक दिवसही पुरणार नाही. माणशी २५ लिटरांत भागवले, जे बादलीने अंघोळ करण्याची सवय असलेल्यांना अशक्य नाही, तर ती पाच दिवस जाते. संडासाची टाकी हा विषय लोक टाळतात, पण तो टाळण्यासारखा नाही. सुमारे २० लिटरची कॅसेट, म्हणजे संडासाखालची काढता येणारी टाकी, चौघांच्या कुटुंबात दोन-तीन दिवसांत भरते आणि ती उचलून ठरलेल्या जागी रिकामी करावी लागते. हे काम कोणी करायचे हे नाव घेण्यापूर्वी ठरवावे. ते घरातील एकाच व्यक्तीच्या माथी बसले की नावेवरचा सगळा राग तेथूनच सुरू होतो, आणि ती व्यक्ती कोण असते हे आपणास मी सांगायला नको.

एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. फेनी स्ट्रॅटफर्डपासून कॉसग्रोव्हपर्यंत जवळपास ११ मैल कालव्यावर एकही लॉक नाही, त्यामुळे नाव चालवायला शिकण्यासाठी मिल्टन कीन्झसारखी जागा नाही. ऑक्टोबरअखेरच्या शालेय सुट्टीत आठवडाभर नाव भाड्याने घेऊन चौघांनी तेथे राहून पाहावे. जुलैत घेऊ नये; जुलैत कोणालाही नाव आवडते.

प्रश्न : माझा मुलगा, सून आणि दोन लहान नातवंडे इंग्लंडमध्ये कालव्यावरच्या नावेत राहायला गेली आहेत. येथे नातेवाईक विचारतात तेव्हा मला संकोच वाटतो, कारण घर परवडत नाही म्हणून नावेत राहणे ही गरिबीच नव्हे काय? त्याहून मोठी काळजी मुलांची आहे. पुढच्या वर्षी मी तेथे जाणार आहे. माझे वय ६८ आहे. (एक आजी, कोल्हापूर)

उत्तर : आजी, आपला संकोच निराधार आहे असे म्हणणार नाही, कारण इंग्लंडमध्येही एकेकाळी नावेत राहणाऱ्या कुटुंबांकडे लोक याच नजरेने पाहत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे कालवे कोळसा आणि माल वाहण्यासाठी खणले गेले. पुढे रेल्वे आली, भाडे उतरले, नावाड्यांना गडी ठेवणे परवडेना, तेव्हा त्यांनी घर सोडून बायको-मुलांनाच नावेवर घेतले. पुढचा सारा भाग मालाचा आणि मागे जेमतेम दहा फुटांची कोठडी, तिच्यात चूल, पलंग आणि चार-पाच मुले, असा तो संसार होता. किती माणसे राहू शकतात यावर बंधन घालण्यासाठी १८७७ आणि १८८४ मध्ये कायदे करावे लागले, आणि सतत फिरतीवर असल्याने त्या मुलांची शाळा कायम बुडत असे. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे अनेक आठवडे गोठले आणि आधीच खालावलेली मालवाहतूक जवळजवळ संपली. आज तेथे राहणाऱ्यांत निवृत्त लोक, संगणकतज्ज्ञ, परिचारिका, शिक्षक असे सर्व प्रकारचे लोक आहेत. काही आवडीने आले, काही घरांच्या किमतींमुळे, आणि पुष्कळांच्या बाबतीत दोन्ही कारणे खरी आहेत. नातेवाइकांना तसेच सांगावे.

मुलांच्या बाबतीत मात्र काळजी योग्य ठिकाणी करावी. कालवा बहुतेक ठिकाणी फार खोल नसतो, मोठा माणूस त्यात उभा राहू शकतो. पण चार वर्षांच्या मुलाला बुडायला तेवढे पाणी पुरते, आणि गार पाण्यात पडताच श्वास अडकतो. म्हणून डेकवर पाऊल टाकण्यापूर्वी लाइफजॅकेट, हा नियम आजीने लाडापोटीही मोडू नये. लॉकमध्ये, म्हणजे नाव वर चढवणाऱ्या वा खाली उतरवणाऱ्या दरवाजांच्या हौदात, पाणी खोल असते, भिंती निसरड्या असतात, आणि खाली उतरताना नावेचा मागचा भाग आतल्या उंबऱ्यावर अडकला तर नाव कलंडू शकते. त्या वेळी मुले एका मोठ्या माणसाच्या ताब्यात, काठापासून दूर असावीत. पंधरा टनांच्या नावेला पाय लावून थांबवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. लेप्टोस्पायरोसिस मुंबईच्या पावसाळ्यामुळे आपल्याला ठाऊक आहेच. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा तोच आजार तेथील पाण्यातूनही होऊ शकतो, तेव्हा जखम झाकणे आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुणे हे ओघाने आले.

आणखी एक मोठा धोका मात्र पाण्यात नाही, शेगडीत आहे. नावेत उबेसाठी कोळशाची लहान शेगडी असते. तिची चिमणी तुंबली किंवा तिचे दार घट्ट बसावे म्हणून कडेला लावलेली दोरी झिजली तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, ज्याला रंग नाही आणि वासही नाही. त्यासाठी नावेच्या दारात आणि छपरात कायम उघडे राहणारे झरोके असतात. थंडी वाजते म्हणून प्रेमळ माणसे त्यांत कापडाचे बोळे कोंबतात. आपण तसे करू नये आणि कोणी केलेले दिसले तर काढून टाकावेत. २०१९ पासून नावेत या वायूची सूचना देणारा अलार्म बंधनकारक आहे. गेल्यावर तो वाजवून दाखवायला मुलाला सांगावे.

आपण मे ते सप्टेंबर या काळात जावे. आत उतरण्याच्या पायऱ्या उंच आणि अरुंद असतात, त्यामुळे गुडघे दुखत असतील तर पायरीला धरायचा दांडा बसवून घ्यायला आधीच कळवावे. रात्री झोपायला जवळच्या पाहुणेघरात जाण्याचा पर्याय मुलाने सुचवला तर राग मानू नये.

प्रश्न : नावेत राहणाऱ्या कुटुंबाला पत्ता नसतो, मग डॉक्टर, पत्रे, मतदान यांचे काय होते? (एक वाचक, लंडन)

उत्तर : इंग्लंडमध्ये डॉक्टरांकडे नाव नोंदवताना पत्त्याचा पुरावा देणे आवश्यक नाही. स्वागतकक्षात कोणी मागितलाच, तर एनएचएसचा, म्हणजे तेथील सरकारी आरोग्यसेवेचा, हा नियम शांतपणे दाखवावा. रुग्णालयाची पत्रे मात्र कुठे तरी यावी लागतात, म्हणून विश्वासू मित्राचा पत्ता किंवा टपाल स्वीकारणारी सशुल्क सेवा आधी ठरवावी आणि बँक, विमा, शाळा या सर्वांना तोच एक पत्ता द्यावा. वेगवेगळे पत्ते दिले की गोंधळ होतो. कायम पत्ता नसलेल्यांना ज्या भागाशी आपला संबंध आहे त्याचे निवेदन देऊन मतदारयादीत नाव घालता येते, आणि तेथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकांनाही राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून हा हक्क आहे. अर्ज स्थानिक परिषदेच्या निवडणूक कार्यालयात करावा.