‘गुंडी’ अशी हाक आली की दातखीळ बसते

पत्रातली नावं मी नेहमी बदलते. या वेळी ती बदलली तर पत्रात काही उरतच नाही, म्हणून लिहिणारीला विचारून नावं तशीच ठेवली आहेत. आडनाव, गल्ली आणि बँक मात्र गाळली आहे. पत्र लांब होतं, थोडं कमी केलंय.

*काकू, नमस्कार. मी 31 वर्षांची आहे. सोलापुरात बाळीवेशीच्या बाजूला आमचं जुनं घर आहे, एकत्र कुटुंब. घरात कन्नड, बाहेर मराठी. आजीचं नाव मला ठेवलं, महादेवी. लहानपणी गुबगुबीत होते म्हणून चुलतभाऊ ‘गुंडम्मा’ म्हणायला लागला. त्याचं ‘गुंडी’ झालं आणि घरात, गल्लीत, शाळेत तेच चिकटलं.*

*पुण्याला नोकरीला गेले. फ्लॅटवर पहिल्याच दिवशी रूममेटनं नाव विचारलं आणि माझ्या तोंडून ‘माही’ निघालं. ठरवलं वगैरे काही नव्हतं. सहा वर्षं मी माही होते. सोसायटीच्या गणपतीत सूत्रसंचालन केलं, डिपॉझिट बुडवायला निघालेल्या घरमालकाशी भांडून पैसे काढले. महादेवी नाव जुनाट वाटतं, तिथे कुणाला सांगायचीही लाज वाटायची. मग वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मी परत आले. आता इथल्या एका सहकारी बँकेत काउंटरला आहे.*

*परवा भर गर्दीत चुलतभाऊ रांगेतून ओरडला, ‘ए गुंडी, माझं पासबुक आधी घे की!’ सगळी रांग हसली. शिपाईमामासुद्धा हसले. मी काही न बोलता पासबुक घेतलं, एंट्री मारली आणि दिलं. हात थरथरत होते. तसं काम मला जमतं. मागच्या आठवड्यात पूर्व भागातल्या एक विडी कामगार आजी आल्या होत्या. मुलगा त्यांची ठेव मोडायला घेऊन आला होता, त्यांना मोडायची नव्हती आणि त्या तेलुगूशिवाय बोलेनात. मी मोडक्यातोडक्या तेलुगूत त्यांच्याशी बोलले आणि मुलाला सांगितलं, ठेव आजींच्या नावावर आहे, त्यांना बोलू द्या. पण घरचं माणूस समोर आलं की माझी दातखीळ बसते.*

*आता गॅझेट करून नाव माही करून घ्यायचं ठरवलंय. आई म्हणाली, ‘आजीचं नाव टाकून देतेस?’ आणि तेव्हापासून बोलत नाही. मामा म्हणतात, बदलायचंच तर अंकशास्त्र बघून इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्तीचा घाल. काकू, माझा खरा स्वभाव कुठला? नाव बदललं की माणूस बदलतं का?*

महादेवी,

तुला मुद्दाम याच नावानं हाक मारतेय. रागावू नकोस, का ते सांगते.

तुझं पत्र परत एकदा तूच वाच. महादेवी या नावाबद्दल तुझी तक्रार एका ओळीची आहे, ते जुनाट वाटतं एवढीच. बाकी सगळा जाळ गुंडीचा आहे. रांगेतला तो आवाज, शिपायाचं हसणं, हाताची थरथर, यातलं काहीही महादेवीमुळे झालेलं नाही. आणि तू घालवायला निघालीस कुणाला, तर महादेवीला!

गॅझेटमध्ये महादेवी जाईल, माही येईल. गुंडी जागच्या जागी राहील. ती तुझ्या आधारकार्डावर नाही, दहावीच्या सर्टिफिकेटवर नाही, रेशनकार्डावर नाही. जे नाव कुठल्या कागदावरच नाही ते कागदानं कसं पुसणार? पुढच्या महिन्यात तुझा भाऊ येईल, काउंटरवरची ‘माही’ अशी पाटी वाचेल आणि तिथूनच ओरडेल, ‘काय गं गुंडी, नाव बदललंस म्हणे!’ तेव्हा काय करशील? परत गॅझेट?

आता तुझा मोठा प्रश्न, नावानं माणूस घडतं का. याबद्दल लोक दोन्ही टोकाचं बोलतात. एक म्हणणार नावात काय आहे, दुसरा म्हणणार नावातच सगळं आहे. मला इस्रायलमधल्या काही संशोधकांचं काम यात पटतं. 2017 साली त्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसाचा फोटो दाखवायचा, खाली चार-पाच नावं द्यायची आणि यातलं याचं नाव कुठलं ते ओळखायला सांगायचं. नुसत्या अंदाजपंचे जेवढी उत्तरं बरोबर यावीत त्याहून जास्त आली. एवढंच वाचलं तर तुझे मामा खूश होतील, बघा, नाव चेहऱ्यावर उमटतं! पण 2024 मध्ये त्यांच्यातल्याच काहींचा पुढचा अभ्यास आला. त्यात मोठ्यांबरोबर लहान मुलांचेही चेहरे होते. मोठ्यांची नावं लोकांना पुन्हा ओळखता आली, मुलांची मात्र आली नाहीत. म्हणजे बारशाला कानात सांगितलेलं नाव काही चेहरा घेऊन येत नाही. त्या नावाच्या माणसानं कसं असावं हे आजूबाजूचे धरून चालतात, वर्षानुवर्षं तसंच वागवतात, आणि माणूस त्या साच्यात बसत जातं. हा अभ्यास चेहऱ्यांचा आहे, स्वभावाचा नाही, हे मान्य. पण तुझ्या घरात हेच झालंय असं मला दिसतं.

कारण तुमच्या घरात गुंडी हे नुसतं नाव नाही, ती एक नेमणूक आहे. चेष्टा झाली की हसायचं, पाहुणे आले की पाणी आणून द्यायचं, पासबुक पुढे आलं की रांग मोडून घ्यायचं. ‘ए गुंडी’ अशी हाक आली की तू कामावर रुजू होतेस. पुण्यातल्या रूममेटला ही नेमणूक माहीतच नव्हती. तुझं लहानपण तिनं बघितलेलं नव्हतं, त्यामुळे तू पहिल्यांदा बोललीस तेव्हा ‘आज हिला बोलायला कसं सुचलं’ असं तिच्या चेहऱ्यावर आलं नाही. शिवाय हातात स्वतःचा पगार होता, खोलीची किल्ली स्वतःची होती. माही या नावात जादू होती म्हणून तू घरमालकाशी भांडली नाहीस. तिथे तुला गप्प बसवणारं कुणी नव्हतं.

आणि त्या आजींचं तू असं जाता जाता लिहिलंस, की तुला स्वतःलाच त्यात काही विशेष वाटलेलं दिसत नाही. एका परक्या बाप्याला, तोही आईच्या पैशावर डोळा ठेवून आलेला, त्याला तू भर बँकेत सांगितलंस की त्यांना बोलू द्या. तेव्हा काउंटरवर पाटी कुठली होती? महादेवीच ना? घरमालकाशी भांडणारी माही ती हीच. ती पुण्याला राहिलेली नाही, सकाळी साडेदहाला सोलापुरात कामावर हजर असते. म्हणून मी तुला महादेवी म्हणते.

खरा स्वभाव कुठला, हा प्रश्नच मला थोडा अडाणी वाटतो, रागावू नकोस. आपल्याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस घे. 1910 साली सोलापुरात जन्मले, 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, 1942 मध्ये तिथेच वारले. वय अवघं 32. तिकडचे लोक त्यांना के दिहुआ या नावानं ओळखतात. ‘हुआ’ म्हणजे चीन, आणि पाचही डॉक्टरांनी हे अक्षर आपल्या चिनी नावात घेतलं होतं. त्यांच्या मुलाचं नाव इनहुआ, त्यात भारतही आहे आणि चीनही. भैया चौकातलं स्मारक कोटणीसांचं आहे आणि चीनमधले पुतळे के दिहुआंचे. यातला खरा डॉक्टर कुठला, असं कुणी विचारत नाही. तूही माही आणि महादेवी दोन्ही राहा. पुण्याच्या मैत्रिणींना मी तुमच्याशी खोटं बोलले असं काही सांगत बसू नकोस.

टोपणनाव वाईटच असतं असंही नाही. कामगार नेते नरसय्या आडम यांना उभं सोलापूर आडम मास्तर म्हणतं आणि त्या हाकेत मान आहे. मी एक साधी गोष्ट बघते. अनोळखी माणसानं नाव विचारलं तर ते टोपणनाव आपण होऊन सांगावंसं वाटतं का? पहिल्याच दिवशी रूममेटला तू गुंडी सांगितलं नाहीस. त्या घटकेलाच त्या नावाचा निकाल लागला होता, घरी कळवायचं तेवढं राहून गेलं.

जुनाट म्हणालीस त्यावर एकच. तुमच्या घरात अक्का महादेवी कोण, हे मी सांगायची गरज नसावी. बाराव्या शतकातली ही कन्नड संतकवयित्री राजाचं घर सोडून निघाली आणि शरणांच्या, म्हणजे शिवभक्तांच्या, सभेत येऊन मोठमोठ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत उभी राहिली. आपल्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांचाच तो काळ. वचनाच्या, म्हणजे तिच्या कवितेच्या, शेवटी ती स्वतःचं नाव घालत नाही, चन्नमल्लिकार्जुनाचं, म्हणजे शिवाचं, घालते. आणि अक्का हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे, ती लोकांनी दिलेली हाक आहे. तुझ्या आजीनं हे नाव मिरवलं, यात लाजण्यासारखं काय आहे ते मला तरी कळलं नाही.

आता आई. ती बोलत नाही याचं तुला दुःख आहे, पण तिला विचारलंस का की तिचं माहेरचं नाव काय होतं? आपल्याकडे कितीतरी बायकांचं नाव लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं लिहिलं गेलं आणि जुनं तिथेच संपलं. त्यांना कुणी विचारलंही नाही. तुझ्या आईचं तसं झालं असेल तर ‘नाव टाकून देतेस’ या बोलण्यात आजीपेक्षा आणखी काही असू शकतं. नसेलही. पण विचार. शेंगाची चटणी कुटताना नाहीतर भाकऱ्या थापताना विचार, समोर बसवून नको. आणि गॅझेटचं सध्या बाजूला ठेवलंय हे तिला आधी सांग. मग तिच्याकडून एकच मागून घे, की बाहेरच्या माणसांसमोर तिनं तुला महादेवी म्हणायचं. आईनं सुरुवात केली की घरातल्या बायका पाठोपाठ येतात. पुरुषांना वेळ लागतो.

चुलतभावाशी मात्र तुलाच बोलावं लागेल, आणि बँकेत नाही. रविवारी दुपारी, जेवण होऊन तो सुस्तावला की गाठ. फार प्रस्तावना नको. ‘दादा, बँकेत मला महादेवी म्हणायचं. गुंडी म्हणालास तर मी ओ देणार नाही.’ एवढंच. तो म्हणणार, ‘आता चेष्टा पण कळत नाही का बे तुला, पुण्याला जाऊन लई शहाणी झालीस.’ म्हणू दे. लहानपणी तुला रडवायचं म्हणून त्यानं हे नाव ठेवलं असेल असं मला वाटत नाही. पण आता तो मोठा आहे, आणि सांगितल्यावरही म्हणत राहिला तर ती चेष्टा उरत नाही. मी दुखावले, मला वाईट वाटतं, असलं काही त्याला समजावत बसू नकोस. कारण दिलं की तो कारणावर वाद घालतो.

पुढच्या वेळी बँकेत आला आणि तसाच ओरडला, तर मान वर करू नकोस. समोरच्या ग्राहकाचं काम संपव. त्याचा नंबर आला की पासबुक घे, ‘बोला’ म्हण आणि एंट्री मारून दे. पहिल्यांदा घशाला कोरड पडेल, हात परत थरथरतील. थरथरू देत, काउंटरच्या काचेपलीकडे ते कुणाला दिसत नाही. आधी घ्यायचं नाही, हे मात्र पाळ. परवा तू त्याचं पासबुक रांगेच्या आधी घेतलंस, ते मला त्या हाकेपेक्षा जास्त खटकलं. रांगेत उभ्या असलेल्या इतरांचाही विचार कर.

माही हे नाव इथे अगदीच बंद पडू देऊ नकोस. जुळे सोलापूरला, नव्या पेठेत, कुठेही असेल, पण तुला माही म्हणणारी एक-दोन माणसं या गावात हवीत. बँकेतली एखादी मैत्रीण चालेल. पुण्याच्या मुलींना जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेला बोलाव. नंदीध्वज बघू देत, तुमच्या घरी जेवू देत. त्या भर माजघरात ‘ए माही’ म्हणून हाक मारतील तेव्हा तुझ्या घरच्यांना कळेल की ही कोण बया पुण्याला सहा वर्षं राहून आली.

आणि वर्षभरानं, गुंडीचा बंदोबस्त झाल्यावरही, माहीच व्हावंसं वाटलं तर खुशाल हो. कायद्यानं तो तुझा हक्क आहे, आईचाही नाही आणि माझाही नाही. तेव्हा मी आडवी येणार नाही. फक्त गॅझेट हातात आलं की काम संपत नाही, आधार, पॅन, पासपोर्ट, बँक खाती सगळं एकेक करून बदलावं लागतं, आणि शिक्षणाच्या जुन्या कागदांबरोबर गॅझेटची प्रत जोडत फिरावं लागतं. हे तुला मी काय सांगणार.

मामांच्या त्या जास्तीच्या ‘ए’चं तेवढं राहिलं. केवायसीत स्पेलिंगचं एक अक्षर जुळलं नाही म्हणून तू रोज लोकांचे अर्ज परत पाठवतेस की नाही? मग मामांचाही अर्ज परत पाठव.

तुझी,
काकू