मानसशास्त्राच्या पदवीनंतर मेंदूच्या इमेजिंग संशोधनात यावं का? रोजचं काम कसं असतं?

मी फंक्शनल एमआरआयवर, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कधी कामाला लागतो ते दाखवणाऱ्या स्कॅनवर काम करते, म्हणून याच बाजूने उत्तर देते. मानसशास्त्राची पदवी अजिबात आडवी येत नाही. प्रयोगात माणसाला नेमकं काय करायला द्यायचं, हे ठरवताना तुमच्यासारखेच लोक लागतात. पण संख्याशास्त्र आणि कोडिंग मनापासून नकोसं वाटत असेल, तर येऊ नका. मेंदूबद्दल कुतूहल सगळ्यांनाच असतं, तेवढ्यावर इथे निभाव लागत नाही.

याचं कारण या स्कॅनमधून मिळणाऱ्या, मेंदूवरच्या लाल-पिवळ्या ठिपक्यांच्या चित्रांत आहे. चेतापेशी कामाला लागल्या की त्या भागाकडे ऑक्सिजनयुक्त रक्त गरजेपेक्षा जास्त धावतं. हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन निघून गेला की त्याचे चुंबकीय गुणधर्म बदलतात, हे रसायनशास्त्रज्ञ पॉलिंग आणि कॉरिएल यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. संशोधक सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये त्याच फरकाचा स्कॅनरसाठी उपयोग करून दाखवला. म्हणजे आपण मोजतो रक्त, आणि अंदाज बांधतो चेतापेशींचा. चेतापेशींचा संदेश मिलिसेकंदांत जातो, तर रक्ताचा प्रतिसाद शिगेला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. त्यातही संकेतातला बदल जेमतेम एक-दोन टक्क्यांचा, आणि चित्रातल्या एकेका ठोकळ्यात, म्हणजे व्हॉक्सेलमध्ये, लाखो चेतापेशी कोंबलेल्या.

त्यामुळे स्कॅनरजवळचे दिवस थोडे आणि संगणकासमोरचे फार. स्कॅनच्या दिवशी सहभागी व्यक्तीच्या अंगावर किंवा अंगात धातू नाही ना, याची कसून चौकशी करायची, तिला धीर द्यायचा आणि डोकं हलवू नका म्हणून पुन्हा पुन्हा विनवायचं. डोकं मिलिमीटरभर हललं तरी चित्रात खोटे ठिपके दिसू शकतात. नंतर ती हालचाल दुरुस्त करणं, सगळ्यांचे मेंदू एका साच्यात बसवणं, संख्याशास्त्रीय मॉडेल लावणं, यात महिने जातात.

विश्लेषण किती फसवू शकतं हे दाखवायला २००९ मध्ये काही संशोधकांनी चक्क एक मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो 'दाखवले'. एकाच वेळी हजारो चाचण्या केल्या की करावी लागणारी दुरुस्ती त्यांनी मुद्दाम वगळली, आणि मेलेल्या माशाच्या मेंदूतही 'सक्रियता' दिसली! २०२० मध्ये ७० संशोधक-गटांना एकच डेटा आणि तीच ९ गृहीतकं तपासायला दिली. कोणत्याही दोन गटांची विश्लेषणाची पद्धत तंतोतंत सारखी नव्हती, आणि काही गृहीतकांवर निष्कर्षही बरेच वेगळे आले. स्वतःच्या पद्धतींची अशी उघड झडती घेणारे सहकारी मिळणं मला या क्षेत्रातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

आणि कधीकधी याच किचकट कामातून काय हाती लागतं, तेही सांगते. २००६ मध्ये एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी अपघातानंतर काहीच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला स्कॅनरमध्ये सांगितलं, टेनिस खेळताय अशी कल्पना करा. मग, स्वतःच्या घरातल्या खोल्यांमधून फिरताय अशी कल्पना करा. दोन्ही वेळा तिच्या मेंदूतले वेगवेगळे भाग निरोगी माणसांसारखेच सक्रिय झाले. बाहेरून जाणीव संपल्यासारखी दिसणारी ती व्यक्ती आतून सूचना पाळत होती. मला आजही हा शोधनिबंध वाचताना भरून येतं.

नोकरीचं म्हणाल तर पीएचडी, मग पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन-नोकरीची काही वर्षं, आणि कायमच्या प्राध्यापकी जागा अर्जदारांच्या मानाने फारच थोड्या. ही अनिश्चितता खरी आहे, घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा. बरेच जण पुढे रुग्णालयांच्या इमेजिंग विभागात, स्कॅनर बनवणाऱ्या कंपन्यांत किंवा डेटा सायन्समध्ये जातात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

अर्ज करण्याआधी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि रेषीय बीजगणित शिकायला घ्या. ओपनन्यूरो या संकेतस्थळावर खरे स्कॅन मोफत मिळतात; त्यातला एखादा छोटा डेटासेट घेऊन त्यावर छापून आलेला निष्कर्ष स्वतः काढून पाहा. आकडे जुळेनात तेव्हा तुम्ही चिडून लॅपटॉप मिटता की रात्री जागून कारण शोधता, हे बघा. मार्गदर्शक निवडताना प्रयोगशाळेच्या नावापेक्षा तिथल्या आताच्या विद्यार्थ्यांशी बोला: डेटा आणि कोड सगळ्यांसाठी खुला ठेवतात का, अपेक्षेविरुद्ध निकाल आला तर सर किंवा मॅडम काय म्हणतात, आणि आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत.