७०-३०० झूमला २ एक्स टेलिकन्व्हर्टर लावला तर पक्ष्यांसाठी ६०० मिमी मिळेल का?

तुमच्याकडे २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर डीएसएलआर आहे, ७०-३०० एफ/४-५.६ झूम आहे, पक्षी टिपायचे आहेत आणि मोठी लेन्स सध्या बजेटमध्ये बसत नाही. म्हणून २ एक्स टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्यामधे लावायची, फोकल लेन्थ दुप्पट करणारी जोडकाच) घ्यावा का, असा प्रश्न आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: २ एक्स घेऊ नका. १.४ एक्सचा विचार करायला हरकत नाही, पण खाली दिलेली चाचणी केल्याशिवाय तोही विकत घेऊ नका.

या विषयावर बहुतेक जण प्रकाश कमी होण्यापासून सुरुवात करतात, तर तेच आधी पाहू. एफ-नंबर म्हणजे फोकल लेन्थ भागिले समोरून दिसणाऱ्या लेन्सच्या छिद्राचा व्यास. ३०० ला एफ/५.६ म्हणजे हा व्यास साधारण ५४ मिमी. टेलिकन्व्हर्टर लेन्स आणि कॅमेरा यांच्या मधे बसतो, त्यामुळे पुढचं छिद्र तेवढंच राहतं, फक्त फोकल लेन्थ वाढते. १.४ एक्सने ४२० मिमी एफ/८ होतं, म्हणजे एक स्टॉप जातो, प्रकाश निम्मा होतो. २ एक्सने ६०० मिमी एफ/११, म्हणजे दोन स्टॉप, चौपट प्रकाश कमी. जिथे आयएसओ ८०० पुरत होता तिथे त्याच शटर स्पीडला ३२०० लागेल.

हे ऐकून लोक घाबरतात. पण तुमची तुलना कशाशी आहे? तुमच्यापुढे दोनच मार्ग आहेत: टेलिकन्व्हर्टर लावून पक्षी फ्रेममध्ये मोठा करा, किंवा ३०० लाच फोटो काढून नंतर क्रॉप करा. दोन्हीकडे पक्ष्यावरून येणारा उजेड त्याच ५४ मिमीच्या छिद्रातून येतो. टेलिकन्व्हर्टर तो जास्त पिक्सेलवर पसरवतो, इतकंच. आयएसओ ८०० चा फोटो दुप्पट क्रॉप करून तेवढ्याच आकारात पाहिलात तर त्यातले दाणेही दुप्पट मोठे दिसतात, आणि हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो. हात हलण्याचंही तेच. ६०० ला जेवढा शटर स्पीड हवा तेवढाच तो ३०० वरून अर्ध्या चौकटीत क्रॉप करताना हवा, कारण शेवटी फोटो तेवढाच मोठा करून बघणार आहात. एफ/११ म्हटलं की कुणीतरी विवर्तनाचा (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरून चित्र धूसर होण्याचा) बागुलबुवा काढतंच. पण पुढचं छिद्र बदललेलं नसल्यामुळे पक्ष्याच्या पिसांतला किती बारकावा दिसू शकतो ही मर्यादासुद्धा जिथे होती तिथेच आहे.

म्हणजे प्रकाश, कंप, विवर्तन या तिन्हींत क्रॉप आणि टेलिकन्व्हर्टर यांच्यात फारसा फरक नाही. फरक पडतो तो दोन ठिकाणी: लेन्समध्ये बारकावा शिल्लक आहे का, आणि ऑटोफोकस चालतो का.

आधी बारकावा. ३०० एफ/२.८ सारख्या महागड्या प्राइम (झूम नसलेल्या, एकाच फोकल लेन्थच्या) लेन्सवर टेलिकन्व्हर्टर छान का चालतो? ती लेन्स सेन्सरवर जेवढं बारीक रेखाटते तेवढं पिक्सेलना पूर्ण पकडता येत नाही. टेलिकन्व्हर्टर तेच चित्र मोठं करून पिक्सेलपुढे ठेवतो आणि आधी निसटलेला तपशील हाती लागतो. स्वस्त ७०-३०० झूमचं सगळ्यात कमकुवत टोक म्हणजे ३००, आणि तेही पूर्ण उघड्या अपर्चरला. तुमच्या सेन्सरचा एक पिक्सेल साधारण ४ मायक्रॉनचा आहे, आणि तिथे या लेन्सची धूसरता बऱ्याचदा दोन-तीन पिक्सेलभर पसरलेली असते. ती मोठी केली की मोठी धूसरता मिळते. पांढऱ्या आकाशासमोरच्या फांदीला जांभळी-हिरवी कड येत असेल तर तीही तेवढ्याच पटीने वाढते. भरीला टेलिकन्व्हर्टरची स्वतःची काच असते, आणि स्वस्त २ एक्सची काच काही उपकार करत नाही.

अशा झूम एफ/८ ला बऱ्याच सुधारतात, हे खरं. पण २ एक्स लावून लेन्स एफ/८ ला न्यायची म्हणजे प्रत्यक्षात एफ/१६. सकाळच्या तिरप्या उन्हातही उडत्या पक्ष्यासाठी तिथे शटर स्पीड जमवणं अवघड. आणखी एक उपाय सुचवला जातो: या लेन्स २५० च्या आसपास जास्त शार्प असतात, तर तिथे थांबून टेलिकन्व्हर्टर लावा. २५० गुणिले १.४ म्हणजे ३५०. तीनशेची लेन्स असताना पन्नास मिमीसाठी एक स्टॉप आणि एक जादा काच! हा सौदा मला कधीच पटला नाही.

याउलट तुमचा कॅमेरा जुना १०-१२ मेगापिक्सेलचा असता तर मी थोडं वेगळं बोललो असतो. त्यातले पिक्सेल मोठे असतात, क्रॉप करून फारसं काही उरत नाही, आणि तीच लेन्स टेलिकन्व्हर्टरवर तुलनेने जास्त फायदा देते. २४ मेगापिक्सेलचा फोटो १.४ पट क्रॉप केला तरी १२ मेगापिक्सेल उरतात, दुप्पट क्रॉप केला तर ६. सहा मेगापिक्सेलमध्ये ए४ आकाराची बरी प्रिंट निघते.

आता ऑटोफोकस. पक्ष्यांच्या बाबतीत निकाल खरा इथेच लागतो. डीएसएलआरमधला फेज डिटेक्शन फोकस लेन्सच्या दोन विरुद्ध कडांमधून येणारे किरण ताडून पाहतो. बहुतेक कॅमेरा बॉडींमध्ये ही रचना एफ/५.६ पर्यंतच्या उघडीपीसाठी आखलेली असते. छिद्र त्याहून बारीक झालं की कडेचे किरण फोकसच्या सेन्सरपर्यंत पोचतच नाहीत. काही बॉडी एफ/८ पर्यंत जातात. कॅननच्या ५डी मार्क ३ ला ही सोय २०१३ मध्ये फर्मवेअरमधून मिळाली, निकॉनच्या त्याच वर्षीच्या डी७१०० मध्ये ती होती, पण दोन्हीकडे मधल्या बिंदूपुरतीच. एफ/११ ला व्ह्यूफाइंडरमधून फोकस होईल याची हमी डीएसएलआर देत नाही. लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर बघून) लावून होतो, पण सावकाश; खांबावर ध्यान लावून बसलेल्या बगळ्यासाठी चालेल, सूर मारणाऱ्या खंड्यासाठी नाही.

काही टेलिकन्व्हर्टर बॉडीला आपली ओळखच देत नाहीत. कॅमेऱ्याला वाटतं ३०० एफ/५.६ लेन्स लागली आहे, म्हणून तो बिचारा प्रयत्न करत राहतो. जे ओळख देतात त्यांच्या काही पिना चिकटपट्टीने झाकून हीच गंमत करणारे लोकही आहेत. कडक उन्हात, ठळक कडा असलेल्या विषयावर फोकस लागतो. ढग आले, पक्षी पानांत शिरला, की लेन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत घरंगळत राहते आणि तेवढ्यात पक्षी पसार. मॅन्युअल फोकस म्हणाल, तर स्वस्त झूमची फोकस रिंग इतकी अरुंद आणि ढिली असते की केसभर फिरवली तरी फोकस पलीकडे जातो. त्यात एफ/११ ला व्ह्यूफाइंडर अंधारलेला.

ओळख न देण्याचा आणखी एक परिणाम: फोटोच्या नोंदीत ३०० मिमी आणि एफ/५.६ असंच येतं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई करणारी सोय) यामुळे बिघडत नाही, कारण त्याची दुरुस्ती चित्राबरोबरच मोठी होते. पण स्टॅबिलायझेशन बॉडीमध्ये असेल तर तिला खरी फोकल लेन्थ कळायला हवी; मेनूत हाताने ४२० भरायची सोय असेल तर भरा.

मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांवर चित्र बदललंय, हे मान्य करायला हवं. फोकस थेट सेन्सरवर होतो, व्ह्यूफाइंडर आपोआप उजळतो. कॅननने २०२० मध्ये ६०० आणि ८०० मिमीच्या एफ/११ लेन्स आणल्या, आणि त्यांना २ एक्स लावून एफ/२२ ला फोकस करणाऱ्या बॉडीही. त्यांची आरएफ १००-४०० ही परवडणाऱ्यांतली झूम असूनही कंपनीचे दोन्ही टेलिकन्व्हर्टर घेते. म्हणून इंटरनेटवर कुणी स्वस्त झूम आणि टेलिकन्व्हर्टरचं कौतुक करत असेल तर तो कोणत्या बॉडीवर वापरतोय ते आधी बघा.

लेन्सला टेलिकन्व्हर्टर बसतो की नाही हाही प्रश्न आहेच. कॅननच्या ईएफ एक्सटेंडरची (कॅनन टेलिकन्व्हर्टरला हेच नाव देते) पुढची काच बाहेर आलेली असते. ती लेन्सच्या मागच्या पोकळीत शिरायला हवी. साध्या झूममध्ये तेवढी जागा नसते, आणि जबरदस्तीने बसवून झूम मागे घेतलात तर काचेवर काच आपटू शकते. ईएफ-एस (क्रॉप सेन्सरसाठीच्या) लेन्स तर त्यावर लागतच नाहीत. निकॉनने एफ माउंटच्या टेलिकन्व्हर्टरवर मुद्दाम एक जादा जीभ ठेवली आहे, म्हणजे भलती लेन्स चढूच नये. ही जीभ घासून काढणारे महाभाग आहेत. तुम्ही त्यांच्यात जाऊ नका. मधे एक्सटेन्शन ट्यूब (काच नसलेली नळी) घालून जागा करता येते, पण मग लेन्स अनंतावर फोकस होत नाही आणि दूरचा पक्षी कायमचा गेला. राहिले केन्कोसारखे इतर कंपन्यांचे टेलिकन्व्हर्टर, ज्यांची पुढची काच आतच असते. तुमच्या बाबतीत व्यवहारात तेच उरतात. लेन्सच्या तोंडावर फिल्टरसारखे आटे फिरवून लावायचे जे ‘टेलिफोटो’ जोड मिळतात ते वेगळं प्रकरण आहे. अशा झूमवर ते लावून मिळालेल्या कडा मला तरी बघवल्या नाहीत.

इतकं वाचून टेलिकन्व्हर्टर निरुपयोगी असं वाटलं असेल, तर ते तसं नाही. चंद्र घ्या. सेन्सरवर चंद्राचा व्यास साधारण फोकल लेन्थच्या एकशेदहाव्या भागाइतका येतो: ३०० ला २.७ मिमी, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यात जेमतेम ७०० पिक्सेल. ६०० ला १४००. चंद्र उन्हात न्हालेला असतो, त्यामुळे पौर्णिमेच्या सुमारास एफ/११, आयएसओ १०० आणि १/१०० सेकंद एवढ्यावर काम होतं. लाइव्ह व्ह्यू मोठा करून हाताने फोकस लावायला हवा तेवढा वेळ मिळतो. ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर वापरा.

दुसरा उपयोग फुलपाखरं आणि चतुर. टेलिकन्व्हर्टर लावल्यावर लेन्सचं कमीत कमी फोकस अंतर तेवढंच राहतं, पण चित्र मोठं होतं. दीड मीटरवरून पाव पट आकार देणारी झूम १.४ एक्सने ०.३५ पट देते, तेही किड्याला न उडवता. यासाठी मी १.४ एक्स आनंदाने वापरतो. चतुर एकाच काडीवर परत परत येऊन बसतो, त्यामुळे फोकसची घाईही नसते.

तिसरा उपयोग व्हिडिओ, आणि याबद्दल कमी बोललं जातं. फुल एचडीची चौकट २ मेगापिक्सेलची. तेवढ्यात लेन्सची धूसरता बरीचशी झाकली जाते, आणि १/५० शटरला एफ/११ ची अडचण वाटत नाही.

आता चाचणी. टेलिकन्व्हर्टर कुणाकडून तरी दोन दिवस मागून आणा. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा आणि बारीक छपाईचा कागद दहा-पंधरा मीटरवर भिंतीला चिकटवा. ऊन तापलेलं नको, कारण गरम हवेची थरथर मधे आली की कोणतीच लेन्स शार्प दिसत नाही. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद ठेवा, फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करून लावा, फोटो रॉमध्ये काढा. एक ३०० ला, एक टेलिकन्व्हर्टरसह. मग पहिला फोटो संगणकावर १.४ पट मोठा करून दुसऱ्याशेजारी ठेवा. लोक इथे १०० टक्क्यांवर दोन वेगवेगळ्या आकारांचे फोटो ताडतात आणि मोठ्या अक्षरांना भुलतात; आकार सारखा करूनच बघा. जी ओळ एकात वाचता येते आणि दुसऱ्यात येत नाही, तेवढाच तुमचा फायदा. स्वस्त झूमवर मी असं पाहिलं तेव्हा १.४ एक्सचा किंचित फायदा दिसला, तोही एफ/११ ला. २ एक्सचा फायदा शोधावा लागला.

फरक दिसला नाही तर ते पैसे जुन्या ४०० एफ/५.६ प्राइमसाठी किंवा सेकंडहँड १५०-६०० साठी बाजूला ठेवा. तोवर ३०० वरच, एफ/७.१ किंवा एफ/८ ला, पक्ष्याच्या जरा जवळ सरकून काढा आणि बिनधास्त क्रॉप करा. आणि १५०-६०० हातात आल्यावर पुन्हा टेलिकन्व्हर्टरचा मोह झाला तर ६०० च्या टोकाला असणाऱ्या एफ/६.३ ला १.४ ने गुणून बघा: एफ/९ येतो, म्हणजे एफ/८ वाल्या डीएसएलआरच्याही पलीकडे.