झेड ड्राइव्ह कोणाला दिसतो?

या वेळी आलेल्या पत्रांत सहा पत्रं एकाच दुखण्याची निघाली. प्रोग्रॅम एका कॉम्प्युटरवर, डेटा दुसऱ्याच्या शेअर्ड फोल्डरमध्ये, आणि मधल्या वाटेवर काहीतरी अडतं. इंदूरच्या सियागंजातलं दुकान असो की सांवेर रोडवरचा कारखाना, अशा वेळी मी आधी एकच गोष्ट विचारतो : ही फाइल नेमकं कोण उघडतंय? कोणता कॉम्प्युटर, कोणता यूझर, कोणता प्रोग्रॅम? याचं उत्तर सापडलं की निम्मं काम होतं.

सियागंजातले एक घाऊक किराणा व्यापारी विचारतात : बिलिंगचा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेसमध्ये बनवून घेतला आहे. पाच कॉम्प्युटर आहेत, डेटाची फाइल गल्ल्याजवळच्या कॉम्प्युटरवर. महिन्यातून दोन-तीनदा ‘अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट’ येतं आणि सगळ्यांचं काम ठप्प होतं. प्रोग्रॅमवाला म्हणतो नेटवर्क खराब, नेटवर्कवाला म्हणतो प्रोग्रॅम खराब. खरं कोण?

प्रोग्रॅम चुकीचा लिहिलेला असेलच असं नाही, पण तो नेटवर्कवर जितका विसंबून आहे तितकं तुमचं नेटवर्क भरवशाचं नाही. ॲक्सेसला स्वतःचा सर्व्हर नसतो. गल्ल्याजवळचा कॉम्प्युटर फक्त फाइलचे तुकडे मागेल त्याला देतो. त्यात बिलं आहेत की गाणी, हे त्याला ठाऊकही नसतं. खरं काम पाचही कॉम्प्युटर आपापल्या जागी करतात : चार-चार केबीची पानं ओढून घेतात, बदलतात, परत लिहितात. कोणी कुठलं पान धरलं आहे याची नोंद शेजारच्या एका छोट्या लॉक फाइलमध्ये असते. थोडक्यात, खातेवही एक, लिहिणारे हात पाच आणि मुनीम कोणीच नाही. एखादा हात लिहिता लिहिता मधेच तुटला की पान अर्धवट राहतं, आणि पुढचा माणूस वही उघडतो तेव्हा त्याला हा एरर दिसतो.

हात तुटतो कुठे, ते शोधायचं. तुमच्यासारख्याच एका दुकानात मी तीन वेळा जाऊन आलो होतो. मालक शपथेवर सांगत होते की लाइट गेलीच नाही. चौथ्या खेपेला मी चिंचेच्या पोत्यांमागे वाकून पाहिलं. सगळे कॉम्प्युटर यूपीएसवर होते, आणि ज्या डबीत सगळ्यांच्या केबल येतात तो स्विच मात्र भिंतीतल्या साध्या सॉकेटवर. विजेचा मेन स्विच क्षणभर बंद करून लगेच चालू करायला सांगितलं. पाचही पडदे जसेच्या तसे. पण पोत्यांमागचे हिरवे दिवे एकदम विझले आणि अर्ध्या मिनिटाने एकेक करून परत आले. तेवढ्यात एक बिल सेव्ह होत असेल तर झालंच. तेव्हा आजच स्विच आणि राउटर दोन्ही यूपीएसवर घ्या. खर्च जवळपास काही नाही.

मग केबल तपासा. टोकाची प्लास्टिकची खिट्टी मोडलेली असेल तर खुर्ची सरकली तरी जोड सुटतो. एखादा लॅपटॉप वाय-फायवरून बिलं करत असेल तर तो केबलवर आणा, यावर मी तडजोड करत नाही. व्हिडिओ क्षणभर अडकला तर पुन्हा सुरू होतो, ॲक्सेसचं तसं नाही. डेटाच्या फोल्डरवर पाचही यूझरना फाइल बनवायची आणि पुसायची परवानगी हवी, नुसती वाचायची नाही. नाहीतर लॉक फाइलच तयार होत नाही. फॉर्म आणि रिपोर्टची फाइल प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर वेगळी ठेवा आणि शेअरमध्ये फक्त टेबलांची फाइल राहू द्या. हे प्रोग्रॅमवाल्याचं काम आहे, त्याला सांगा.

गल्ल्याजवळच्या कॉम्प्युटरवर विंडोज १० किंवा त्यानंतरचं असेल तर आणखी एक संशयित आहे. विंडोज १०च्या १८०३ आवृत्तीनंतर अनेक ठिकाणी ॲक्सेसच्या फाइली ‘इनकन्सिस्टंट स्टेट’ म्हणून बिघडू लागल्या. त्यावर मायक्रोसॉफ्टनेच उपाय सांगितला होता : फाइल ज्या कॉम्प्युटरवर आहे त्याच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या आतल्या वहीत, लॅनमॅन-सर्व्हरच्या पॅरामीटर्समध्ये ‘डिसेबल लीजिंग’ ही किंमत १ करायची. वरची कामं झाल्यावरही त्रास राहिला तरच हे करा, आणि जाणकाराकडूनच करून घ्या.

दुरुस्ती करतानाही घाई नको. आधी सगळ्यांना बाहेर काढा. लॉक फाइल नाहीशी झाली म्हणजे सगळे बाहेर पडले. मग फाइलची एक प्रत वेगळी ठेवा आणि त्यानंतरच ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ चालवा, तेही फाइल ज्या कॉम्प्युटरवर आहे तिथेच बसून. प्रत न काढता रिपेअर केल्यामुळे आठवड्याची बिलं गमावलेले लोक मी पाहिले आहेत.

आणि फाइल किती मोठी झाली आहे ते पाहा. ॲक्सेसची कमाल मर्यादा २ जीबी. एक जीबीच्या पुढे गेली असेल तर टेबलं एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसमध्ये, म्हणजे स्वतःचा सर्व्हर असलेल्या मायक्रोसॉफ्टच्याच डेटाबेसमध्ये, न्यायची वेळ झाली आहे. ते फुकट आहे, २०२२पर्यंतच्या आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबीपर्यंत जागा मिळते, आणि तुमचे फॉर्म ॲक्सेसमध्येच राहू शकतात. तेव्हा वहीला मुनीम मिळेल : बाकीचे फक्त सांगतील, लिहील तो एकटा.

दवा बाजारातले एक स्टॉकिस्ट : आमच्याकडे एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस आहे. रात्रीचा बॅकअप झेड ड्राइव्हवर, म्हणजे नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या, सगळ्यांच्या सामायिक डिस्कच्या पेटीवर), घ्यायचा आहे. विंडोजमध्ये झेड उघडतो, फाइली दिसतात. एसक्यूएल मात्र म्हणतं ‘ऑपरेटिंग सिस्टिम एरर ३’, पाथ सापडत नाही.

पाथ तुम्हाला सापडतो, एसक्यूएलला नाही. झेड हे अक्षर कॉम्प्युटरचं नसतं. ज्याने लॉगिन केलं त्याचं असतं. तुम्ही लॉगिन केलंत, तुमच्यापुरता झेड जोडला गेला. एसक्यूएल सर्व्हर ही पडद्यामागे चालणारी सर्व्हिस आहे, तिचं लॉगिन वेगळं. तिच्या जगात झेड नावाचं काही नाहीच. त्यामुळे झेड न लिहिता पूर्ण पत्ता द्यावा लागतो : दोन उलट्या तिरक्या रेघा, नॅसचं नाव, पुन्हा एक रेघ, फोल्डरचं नाव.

तो दिलात की बहुधा एरर ३ जाईल आणि एरर ५ येईल, ‘ॲक्सेस इज डिनाइड’. निराश होऊ नका, ही प्रगती आहे. आता घर सापडलंय, दार उघडत नाहीये. इन्स्टॉल करताना काही बदललं नसेल तर ही सर्व्हिस स्वतःच्या खास खात्यावर चालते आणि नेटवर्कवर जाताना कॉम्प्युटरच्या नावाने ओळख देते. डोमेन असलेल्या ऑफिसात, म्हणजे जिथे सगळ्यांची ओळख एक मध्यवर्ती सर्व्हर ठेवतो तिथे, त्या कॉम्प्युटरला परवानगी देता येते. तुमच्याकडे साधं वर्कग्रुप असणार, प्रत्येक कॉम्प्युटरची खाती वेगळी, तिथे नॅस या पाहुण्याला ओळखतच नाही.

शेअर ‘एव्हरीवन’ला खुला करून काम भागवा, असा सल्ला बरेच जण देतील. तो ऐकू नका. त्यापेक्षा दोन टप्प्यांत करा. एसक्यूएलने बॅकअप त्याच कॉम्प्युटरच्या दुसऱ्या डिस्कवर घ्यावा, आणि मग विंडोजच्या टास्क शेड्युलरने ती फाइल नॅसवर कॉपी करावी. एक्सप्रेसमध्ये एसक्यूएल एजंट, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारा भाग, नसतो, तेव्हा बॅकअपची आज्ञाही शेड्युलरलाच द्यावी लागेल. तो टास्क अशा खात्यावर चालवा ज्याचं नाव आणि पासवर्ड नॅसवरही तेच आहेत. ‘डू नॉट स्टोअर पासवर्ड’ या चौकटीत खूण करू नका, ती केली की टास्कला नेटवर्कवर जाता येत नाही. आणि इथेही झेड लिहू नका, पूर्ण पत्ताच लिहा. रात्री कोणी लॉगिन नसताना झेड कुठून येणार?

याचा मोठा फायदा असा की नॅस बंद पडला तरी त्या रात्रीचा बॅकअप घरात असतो. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून त्यातलं कालचं शेवटचं बिल डोळ्यांनी पाहा. हे मी दवाबाजारवाल्यांना जरा जोर देऊन सांगतो, कारण तुमच्याकडे बॅच नंबर आणि एक्स्पायरीच्या नोंदी आहेत. त्या हरवल्या तर नुसता हिशेब चुकत नाही, परत मागवायचा माल कुणाकडे गेला तेही कळत नाही. एक प्रत नॅसपासूनही तोडलेल्या डिस्कवर ठेवा.

सुदामानगरातून एक मुलगी लिहिते : काका, मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. आमचं सॉफ्टवेअर साधं उघडलं तर डेटा सापडतो, पण ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ केलं की ‘झेड नॉट फाउंड’. मला वाटलं ॲडमिनला जास्त दिसायला हवं!

बेटा, वाटणं साहजिक आहे, पण वरचंच कारण इथेही लागू आहे. ॲडमिन म्हणून उघडलं की विंडोज त्याला वेगळं लॉगिन धरतं, आणि तुझ्या साध्या लॉगिनमध्ये जोडलेला झेड तिकडे जात नाही. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये झेडच्या जागी पूर्ण पत्ता घाल. सेटिंग झेडशिवाय काही स्वीकारतच नसेल तर रजिस्ट्रीत ‘एनेबल लिंक्ड कनेक्शन्स’ नावाची सोय आहे, पण ती डॉक्टरांना विचारून, तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याकडून करून घे. आणि रोजच्या कामाला ॲडमिन लागतोच का, हेही त्याला विचार. बहुतेक वेळा लागत नाही.

रामबागेतल्या एका वाचनालयाचे कार्यकर्ते : पुस्तकांच्या नोंदीचा प्रोग्रॅम एका विद्यार्थ्याने एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसमध्ये करून दिला. फाइल नॅसवर, दोन कॉम्प्युटरवरून काम. वारंवार ‘डेटाबेस इज लॉक्ड’ येतं. परवा फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन नव्या कॉम्प्युटरवर टाकली, तर शेवटच्या तीसेक नोंदी गायब!

आधी तीस नोंदींचं बघू, कारण त्या कदाचित अजून जिवंत आहेत. नॅसवरचा जुना फोल्डर उघडा आणि कशालाही हात लावू नका. डेटाबेसच्या फाइलशेजारी त्याच नावाची, शेवटी ‘डॅश वॉल’ (-wal) असलेली एक फाइल दिसते का? एसक्यूलाइट ‘वॉल’ पद्धतीने चालत असेल तर नव्या नोंदी आधी त्या फाइलमध्ये जातात आणि साधारण हजार पानं साचली की मुख्य फाइलमध्ये उतरतात. तुम्ही फक्त मुख्य फाइल उचललीत, कच्ची वही मागेच राहिली. आता त्या नावाच्या सगळ्या फाइली एकत्र एका नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा, नॅसवर नव्हे, कॉम्प्युटरच्या स्वतःच्या डिस्कवर, आणि प्रोग्रॅम त्या प्रतीवर उघडून पाहा. मूळ फाइली तशाच राहू द्या. ती फाइल दिसत नसेल, तर पेन ड्राइव्हवरची प्रत घेताना प्रोग्रॅम दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा होता का ते आठवा. तो नंतर नीट बंद केला असेल तर नोंदी नॅसवरच्या मुख्य फाइलमध्ये उतरल्या असतील.

आता लॉकचं. एसक्यूलाइट २००० साली आलं, आज जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये आहे, आणि मला ते मनापासून आवडतं. पण ते एका यंत्रावर काम करण्यासाठी आहे. वॉल पद्धतीत सगळे वापरणारे मेमरीचा एक तुकडा वाटून घेतात, आणि दोन वेगळ्या कॉम्प्युटरना एक मेमरी वाटून घेताच येत नाही. त्यामुळे वॉल नेटवर्कवरच्या फाइलसाठी नाहीच, हे एसक्यूलाइट बनवणाऱ्यांनीच आपल्या माहितीत लिहून ठेवलं आहे. वॉल बंद केलं तरी नॅसच्या लॉकवर विसंबावं लागतं, आणि ते लॉक प्रत्येक नॅसवर खरे नसतात. आज नुसता ‘लॉक्ड’ येतोय. उद्या ‘डिस्क इमेज इज मॉलफॉर्म्ड’ आलं तर दुरुस्ती फार अवघड होईल.

त्या विद्यार्थ्याला बोलवा. त्याचं काम वाया गेलेलं नाही. फाइल एकाच कॉम्प्युटरच्या डिस्कवर ठेवायची आणि दुसऱ्याने ब्राउझरमधून त्या कॉम्प्युटरशी बोलायचं, एवढा बदल तो करू शकेल. नाहीतर पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी हे सर्व्हरवाले डेटाबेस घ्या, दोन्ही फुकट आहेत. गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवायचा विचार मात्र मनातही आणू नका. दोघांनी एकाच वेळी नोंद केली तर तिथे दोन वेगळ्या फाइली तयार होतात आणि त्या एकमेकींत मिसळता येत नाहीत.

तिलकनगरातल्या सीएंच्या ऑफिसातून : नवे लॅपटॉप, विंडोज ११ प्रो. जुन्या कॉम्प्युटरवरून नॅस उघडतो, नव्यावरून नाही.

विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोमध्ये दोन गोष्टी कडक झाल्या. पासवर्डशिवाय ‘गेस्ट’ म्हणून आत शिरणं बंद झालं, आणि फाइलींच्या देवाणघेवाणीवर डिजिटल सही लागते. नॅसवर प्रत्येकासाठी पासवर्डसकट यूझर बनवा आणि नॅसचं सॉफ्टवेअर अपडेट करा, बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. नॅसला फक्त एसएमबी १, म्हणजे फाइल शेअरिंगची जुनी पद्धत, येत असेल तर तो बदला. विंडोजमध्ये एसएमबी १ परत चालू करायला कोणी सांगितलं तर नकार द्या. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच वाटेने पसरला होता, आणि तुमच्या नॅसवर लोकांचे पॅन आणि बँकेचे तपशील आहेत.

सांवेर रोडवरच्या एका कारखान्याचे स्टोअर इनचार्ज : दुपारी जेवून आलो की पहिली एंट्री हमखास अडते. प्रोग्रॅम बंद करून उघडला की चालतो. सकाळी आणि संध्याकाळी काही नाही.

वेळ इतकी नेमकी सांगितलीत, बरं झालं. तुम्ही जेवायला जाता तेव्हा एखादं यंत्रही झोपतं. डेटा ज्या कॉम्प्युटरवर आहे त्याची स्लीप बंद करा, पडदा काळा झाला तरी चालेल. मग सगळ्या कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये, वीज वाचवायला कार्ड बंद करू देण्याची खूण काढून टाका. झेडवर लाल फुली दिसत असेल तर ती वेगळी गोष्ट. रिकामं बसलेलं कनेक्शन विंडोज १५ मिनिटांनी सोडून देतं आणि आपण क्लिक केलं की पुन्हा जोडतं. पण काही जुने प्रोग्रॅम त्या पुन्हा जोडण्याची वाट बघत नाहीत.

यातलं नेमकं कोणतं, ते ओळखायला उद्या जेवायला जाण्याआधी तुमच्या कॉम्प्युटरवर काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडा आणि डेटाच्या कॉम्प्युटरला ‘पिंग डॅश टी’ (ping -t) लावून ठेवा, म्हणजे तो जागा आहे का हे सतत विचारलं जाईल. परत आल्यावर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’च्या ओळी दिसल्या तर तिकडचा कॉम्प्युटर झोपला किंवा केबल सुटली. ओळी सलग चांगल्या असतील आणि प्रोग्रॅम तरीही अडला, तर त्या पडद्याचा फोटो काढून तुमच्या प्रोग्रॅमवाल्याला पाठवा.