गावी राहणाऱ्या वयस्कर आई-वडिलांना उन्हाळ्यात कसं सांभाळायचं? एसी बसवू का?

तुम्ही लिहिलंय की वडील ७४ चे, बीपीची गोळी चालू. आई ६८ ची, शुगरला इन्सुलिन. घर परभणी जिल्ह्यात, वर पत्रे, आणि तुम्ही नोकरीला पुण्यात. मी डॉक्टर नाही. तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे आणि घरात ७९ वर्षांचे आबा आहेत, तेवढ्या अनुभवावर सांगतो.

पैसे असतील तर एसी बसवा. पण आपल्याकडे दुपारची लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि असली तरी बिलाच्या भीतीनं ते लावणार नाहीत. आमच्या शेजारच्या काकूंचा एसी फक्त पाहुणे आले की चालू होतो.

खरी गोम अशी की वय झालं की तहान कमी लागते, घाम कमी येतो आणि आपल्याला गरम होतंय हेच उशिरा कळतं. बाहेर ४३ अंश असताना आबा पत्र्याखाली बंडीवर स्वेटर घालून बसलेले मी पाहिलेत. "मला कुठं गरम व्हायलंय?" म्हणाले. पाठीला हात लावला तर तापलेली. त्यामुळं फोनवर "तहान लागली का?" विचारून उपयोग नाही. ते "नाही" म्हणतील, आणि ते खरंच बोलत असतात.

माझ्या आईचं पाणी पिणं कमी का होतं हे कळायला मला दोन उन्हाळे लागले. आमचा संडास अंगणाच्या पलीकडं. तिचे गुडघे दुखतात, रात्री अंधारात पडायची भीती. म्हणून ती दुपारी चारनंतर पाणीच बंद करायची आणि कुणाला सांगायची नाही. आम्ही आपले "पाणी पी, पाणी पी" करत डोकं खायचो. शेवटी बाजेजवळ कमोडची खुर्ची आणली, रात्रभर एक बारीक बल्ब ठेवला, आणि पाणी आपोआप वाढलं. दुसरं कारण म्हणजे रांजण. नळाला आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात या बायकांनी उभा जन्म पाणी पुरवून पुरवून वापरलंय, त्या स्वतःवर दोन तांबे जास्त खर्च करत नाहीत. पिण्याचं पाणी वेगळं आणि भरपूर भरलेलं त्यांना डोळ्यांना दिसलं पाहिजे.

सकाळीच एक-एक लिटरच्या दोन बाटल्या भरून, ओलं फडकं गुंडाळून, प्रत्येकाच्या हाताशी ठेवायला सांगा. फोनवर विचारायचं ते एवढंच: "दुसरी बाटली काढली का?" ताक, पन्हं, आंबील वरून चालू द्या, तुमच्या आईला पन्हं बिनसाखरेचं आणि वडिलांच्या ताकात मीठ बेतानं. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असून डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर मात्र ते माप पाळायचं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. वडिलांच्या गोळीची स्ट्रिप बघा. नावाच्या शेवटी एच किंवा एचसीटी असेल तर बहुधा तिच्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं. थंडीत जी गोळी बरोबर बसते तीच उन्हाळ्यात, पाणी कमी पडलं की, जड जाऊ शकते. एप्रिल लागला की दुकानात "उभं राहिलं की अंधारी येते" म्हणणारे वाढतात. गोळी परस्पर बंद करू नका; बीपी मोजून घ्या आणि डोस बदलायचा का ते डॉक्टरांना विचारा. आईचं इन्सुलिन खिडकीत किंवा पत्र्याजवळच्या फळीवर नको. फ्रीज नसेल तर प्लास्टिकच्या डबीत घालून माठात ठेवतात, ते चालतं.

पत्र्यावर मार्च संपायच्या आत पांढरा चुना मारून घ्या. वर कडबा टाकायची जुनी पद्धतही चांगली, फक्त ठिणगीपासून जपायचं. जुन्या माळवदाची, म्हणजे मातीच्या छताची, एखादी खोली शाबूत असेल तर दुपार तिथंच काढू द्या. कूलर आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत झकास चालतो, पण समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत तो नुसता दमटपणा करतो. पाण्याचा हिशोबही धरा, दिवसाला चार-पाच घागरी सहज पितो. नुसत्या पंख्याचं म्हणाल तर खोलीच ४० च्या वर गेली की तो गरम हवा अंगावर फेकतो. तेव्हा अंग ओल्या फडक्यानं पुसत राहायचं, मग वारं लागतं.

दुपारी तीनच्या सुमाराला कुणीतरी डोकावून जाईल अशी सोय लावा. आमच्याकडं गल्लीतलं एक पोरगं ताक घेऊन येतं आणि आबांशी पाच मिनिटं बोलतं. ताक निमित्त, बोलणं महत्त्वाचं. कारण ऊन लागलं की पहिल्यांदा बोलण्यात फरक पडतो.

दोन वर्षांपूर्वी आबा एका लग्नाला गेले होते. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा, अक्षता पडल्या दीडला, पंगत तीनला. घरी आले आणि विचारायला लागले, "नाना कुठंय?" नाना म्हणजे माझे चुलते, त्यांना जाऊन ११ वर्षं झाली. अंग कोरडं, भाजणारं, थर्मामीटर १०४ च्या वर. मी मेडिकलवाला, आणि मी काय केलं? तापाची गोळी शोधायला गेलो. हा ताप त्या गोळीनं उतरत नाही. शेजारच्या आशाताई ओरडल्या, "गोळी ठेवा, पाणी आणा!" आबांना लिंबाखाली बाजेवर टाकलं, कपडे सैल केले, अंगावर घागरी ओतल्या, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी, आणि दोघांनी सुपानं वारा घातला. बाजेचं एक बरं, पाणी खाली गळतं आणि वारं खालूनही लागतं. १०८ ला फोन केला होताच, पण गाडीची वाट बघत बसलो नाही. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. गाडी आली तोवर आबांनी मला नावानं हाक मारली होती.

खिशात कांदा होताच त्यांच्या. अजूनही असतो, मी काही बोलत नाही.

यंदा पुन्हा एका लग्नाला जायचं म्हणतायत. मुहूर्त गोरज आहे, म्हणून हो म्हटलंय.